तिसऱ्या गाळ्याची ओळ

एन्टर दाबायच्या आधी तो जागेवरून उठायचा. उठून पूर्ण गोडाऊनला एक चक्कर मारायचा, माठातलं पाणी प्यायचा, परत येऊन स्क्रीनवरचं पहिल्यापासून वाचायचा, आणि मग एक बोट टेकवायचा. हमाल गाडी लावून खोळंबलेले असायचे. तो म्हणायचा, "थांबा, वाचू दे." म्हणून हमालांनी त्याचं नाव थांबेश्वर ठेवलं. खरं नाव पगाराच्या कागदावर असेल. मला त्याची गरज पडली नाही.

मी चौथी शिकलेला माणूस. कशेळीच्या अलीकडे आमची भातशेती होती, तिथे आता गोडाऊन आहे. जमीन दिली तेव्हा शेठला एकच अट घातली, मुकादम मीच. कुठला माल कुठल्या गाळ्यात, हे तीस वर्षं माझ्या डोक्यात होतं. मग शेठने कॉम्प्युटर आणला आणि माझं डोकं त्यात उतरवून घ्यायला हा खारबावचा पोरगा ठेवला. मला राग आला होता. पहिले पंधरा दिवस मी त्याला बसायला स्टूल पण दिलं नाही. तो रंग पातळ करायच्या थिनरच्या रिकाम्या ड्रमवर बसून काम करायचा आणि विचारायचा, "काका, हे असं का?"

हा "का" त्याचा रोग होता. साबण वर का, बिस्किटं दाराशी का, साखर भिंतीपासून हातभर लांब का. मी सांगायचो, तो लिहून घ्यायचा. नुसता नियम नाही, शेजारी कारण पण. मी म्हणालो, "मशीनला कारण कशाला पायजे? सांगितलं तेवढं करील ना ते." तो म्हणाला, "मशीनला न्हाय काका. माझ्यानंतर जो वाचील त्याला."

फक्त एका नियमाचं कारण मी सांगितलं नाही. तिसऱ्या गाळ्याच्या मागच्या भिंतीला पेट घेणारा माल लावायचा नाही. त्याने का विचारलं. मी म्हणालो, "मी सांगतो म्हणून. पटत नसेल तर लिहू नको." दोन वेळा विचारून शेवटी त्याने लिहिलं: काकांनी सांगितलं म्हणून. मला वाचून दाखवलं. मला ते फार आवडलं. माझा शब्द कॉम्प्युटरात गेला, कारणाशिवाय गेला, असं वाटून मी त्या दिवशी त्याला स्टूल दिलं.

सकाळच्या चहाला तो फोनवर त्याच्या धंद्यातल्या बातम्या वाचायचा आणि मला मराठीत सांगायचा. गेल्या दोन वर्षांत त्या बातम्यांचा सूर बदलला. "काका, नवं मशीन आलंय. तोंडाने सांगायचं, अख्खा प्रोग्राम लिहून देतं." पुढच्या आठवड्यात त्याहून हुशार मशीन. मग एका कंपनीने लिहिणारी माणसं कमी केली, मग दुसरीने. एक दिवस म्हणाला, "प्रोग्राममध्ये आपण दुसऱ्यांनी बनवलेले तयार तुकडे घालतो. हे मशीन कधीकधी नसलेल्याच तुकड्याचं नाव सांगतं. आता चोर त्याच नावाचं दुकान उघडून बसतात. मशीन सांगतं, लोक जाऊन चोराचा तुकडा घेतात."

"मग दुकानदाराला इचारायचं ना, तू कोणाचा कोण!"

तो हसला. "इचारायला थांबतो कोण, काका?"

त्याचा मशीनवर राग नव्हता. स्वतः वापरायचा. मला एकदा त्याने तासाभराचं काम मिनिटात करून दाखवलं, मी थक्क झालो. त्याला भीती वेगळीच होती. म्हणायचा, "याचं चुकलेलं पण सुंदर दिसतं. चुकलेलं घाणेरडं दिसायला पायजे, म्हणजे माणूस दचकतो." मला ते लगेच कळलं. मी जवानीत लूम चालवले आहेत. ताण्याची तार, म्हणजे उभा धागा, तुटली तरी लूम खडखडत राहतो आणि कापड निघत राहतं. कारागिराची नजर नसेल तर दोन मीटर पुढे गेल्यावर कळतं की मधे फट पडली. त्याला सांगितलं तेव्हा म्हणाला, "तुमच्या कापडात फट दिसते तरी. ह्यात दिसत न्हाय."

मग शेठने नवा मॅनेजर आणला. त्याने मशीनकडून आमचा जुना प्रोग्राम पूर्ण नवा लिहून घेतला, दोन दिवसांत. थांबेश्वरने फक्त वाचून सही करायची होती. त्याने तीन आठवडे मागितले. मॅनेजर म्हणाला, "अरे, लिहायला दोन दिवस लागले आणि वाचायला तीन आठवडे? शुक्रवारपर्यंत सही दे, नाहीतर सही करणारा मी आणतो."

शुक्रवारी दुपारी तो माझ्याजवळ येऊन बसला. निम्म्याच्या वर वाचून झालं होतं. म्हणाला, "काका, सही केली तर नोकरी राहते. पण न वाचलेल्यावर माझं नाव कसं टाकू?" त्याच्या घरी नुकतंच मूल झालेलं. मी म्हणालो, "टाक रे. एवढं काय व्हतंय?" हे मी म्हणालो, हे इथे लिहून ठेवतो. त्याने माझ्याकडे पाहिलं, उठला, मॅनेजरला सहीचा कागद कोराच परत दिला आणि मोटारसायकल काढून खारबावला निघून गेला. दुसऱ्या दिवशी त्याचा गेटपास बंद झाला. सही दुसऱ्याने केली.

महिन्याभराने मी तिसऱ्या गाळ्यात गेलो तर मागच्या भिंतीला पेट घेणाऱ्या थिनरचे ड्रम छातीपर्यंत लागलेले. असलम हमाल हातातला, माल टिपायचा स्कॅनर दाखवत म्हणाला, "चाचा, स्कॅनर यही जगह बोलता है. हम क्या करें?" मी उभं राहून सगळे ड्रम पाचव्या गाळ्यात हलवले. दुसऱ्या दिवशी मशीनने ते हरवलेले धरले आणि परत तिसऱ्यात लावायला लावले. मी मॅनेजरवर ओरडलो. त्याने स्क्रीन बघितला आणि म्हणाला, "मुकादम, अशी एक ओळ होती जुन्यात. कारण काही नव्हतं, कुणी काकांनी सांगितलं असं लिहिलेलं. मशीनने साफसफाईत काढून टाकली."

मी थांबेश्वरला फोन केला. आणि जे बायकोलाही सांगितलं नव्हतं ते त्याला सांगितलं. त्या भिंतीच्या पलीकडे साइझिंग आहे, सुताला खळ लावायचा कारखाना. त्याच्या बॉयलरचं धुराडं आपल्या भिंतीला चिकटून वर जातं. पुष्कळ वर्षांपूर्वी तिथे सुताच्या गासड्या मीच लावायला सांगितल्या होत्या. त्या आतून धुमसल्या. विझवताना एका हमालाचे दोन्ही हात गेले. मी शेठला सांगितलं, कुणीतरी बिडी टाकली. मग ज्या दुसऱ्या हमालाचं नाव घेतलं, त्याला कामावरून काढलं. तो कधी बिडी ओढत नव्हता.

मला वाटलं तो शिव्या देईल. तो हळू म्हणाला, "काका, हे तवा सांगितलं असतं तर मी ओळीशेजारी लिहिलं असतं. मशीन काढायला गेलं असतं तरी वाचणारा अडला असता." मग म्हणाला, "आता लिहा. तुमच्या हाताने. कारणासकट."

मी लिहिलं. माझं अक्षर वाकडं आहे, पण बिडीचं सुद्धा लिहिलं. मॅनेजरने कागदाचा फोटो काढून मशीनला दिला. मशीनने लगेच उत्तर दिलं, आपली सूचना महत्त्वाची आहे, बदल केला आहे. मॅनेजरने मला ते मोठ्याने वाचून दाखवलं. संध्याकाळी थिनरची गाडी आली. स्कॅनरने तिसराच गाळा दाखवला, ड्रम तिथेच लागले. साइझिंगवाल्याने म्हणे मागणी वाढली म्हणून दुसरा बॉयलर लावला आहे. शेठला भेटायला गेलो तर तो परदेशात.

थांबेश्वर आता घरीच असतो, मशीनने लिहिलेलं वाचून द्यायचं काम शोधतो. फारसं मिळत नाही. पण रोज सकाळी नवाला त्याचा फोन येतो.

"काका, भिंतीला हात लावला?"

"लावला."

"किती मोजेपर्यंत ठेवता आला?"

पहिल्या आठवड्यात मी सात सांगायचो. मग पाच. उन्हाळा अजून पुरता लागलेला नाही. आज मी दोन सांगितलं.

मागे त्याचं मूल रडत होतं. मग तो म्हणाला, "आज हमालांना त्या बाजूला जेवायला बसू देऊ नका."