तिसऱ्या हाकेला ओ

हजेरीत मॅडमनी पहिल्यांदा नाव घेतलं तेव्हा रत्ना पुढच्याच बाकावर बसली होती, आणि गप्प होती. मॅडमनी मान वर केली नाही. गैरहजेरी लावून त्या पुढच्या नावाकडे गेल्या. आठवडाभर हेच चाललं. पोरगी डोळ्यांसमोर आणि कागदोपत्री गायब.

आता यात तिचा तरी काय दोष? डिंभे धरणाच्या मागे, डोंगरातल्या तिच्या वाडीत तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही, हे लेकरू चालायच्या आधी शिकतं. धुक्यात कोण कुणाच्या आवाजात बोलावेल याचा नेम नाही. तिची आई लंकाबाई सांगायची, "ज्याला आपली गरज हाय ते तिसऱ्यांदा बोलावतंच. दुसरं काय असलं तर दोनदा हाक मारतं न् निघून जातं." शेजारचा भरत एकदा जेवताना पहिल्याच हाकेला 'आलो' म्हणून उठला आणि धुक्यात गेला. दोन दिवसांनी परत आला, तो हाक मारायच्या आधीच ओ देऊ लागला. त्याच्या आईनं त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. पुढं तो कुठं गेला, हे वाडीत कुणी विचारत नाही.

जुन्नरच्या कॉलेजात हे सांगणार कुणाला? "हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसता येणार नाही," मॅडमनी एकदा थांबवून बजावलं, "आणि वसतिगृहही सोडावं लागेल." वाडीतून बारावीच्या पुढं गेलेली रत्ना पहिलीच. परत गेली की बापाबरोबर नारायणगावला टोमॅटो तोडायला जाणं ठरलेलं.

शेजारी बसणारी रुमाना बाजारपेठेतल्या बांगडीवाल्यांची, तोंडानं फटकळ आणि मनानं मऊ. रत्नाचं हे खूळ घालवायचा विडा तिनंच उचलला. मधल्या सुट्टीत जिन्याखाली उभं करून ती नाव घ्यायची आणि ओ यायला उशीर झाला की कोपरानं ढोसायची. "अगं, भूत काय इथं बीए करायला येणाराय?"

रत्ना शिकली. इतकी शिकली, की नाव तोंडातून निघतंय न निघतंय तोच "येस मॅडम". वर्गाला मौज वाटायची आणि रुमानाला अभिमान. फक्त दिवाळीच्या सुट्टीआधी, भर दुपारी जिना उतरताना रत्ना मध्येच "येस मॅडम" म्हणाली आणि रुमाना थबकली.

"कुणी बोलावलंय तुला?"

"आत्ता हाक आली ना."

"नाही आली." रुमानानं मागं वळून बघितलं. जिना रिकामा होता. दोघी हसल्या खऱ्या, पण त्यानंतर रुमानानं तिला गमतीतसुद्धा हाक मारली नाही.

वाडीत मोबाइलला रेंज नाही, त्यामुळं सुट्टीला घरी येतेय म्हणून आधी कळवायची सोय नव्हती. घोडेगावहून सुटलेल्या एसटीतून रत्ना उतरली तेव्हा दिवस मावळत होता आणि भातखाचरांवर धुकं आलं होतं. बाप कामावर, घरी आई एकटीच. कितीतरी महिन्यांनी आईचं तोंड दिसणार म्हणून ती शेवटची चढण पळतच चढली. दार आतून बंद होतं. पावलांवरून आईनं ओळखलं असावं.

"रत्ना..."

"ओ, आई." नाव पुरतं व्हायच्या आत रत्ना बोलून गेली.

कडी निघायच्या ऐवजी दाराला अडसर लागल्याचा आवाज आला.

"आई, मीच हाय. कालेजात आसंच बोलावं लागतं. दार उघड."

"माझी रत्ना पहिल्या हाकेला बोलत न्हाई." आईचा आवाज रडवेला होता. "जे कोन असशील, आल्या वाटंनं जा."

रत्नाला भरत आठवला. तोही असाच दाराशी उभा राहिला असेल, आपण भरतच आहोत हे पक्कं माहीत असलेला. तो खरंच भरत असेल तर? तिला रडू कोसळलं. पण रडणं काय, कुणाच्याही आवाजात रडता येतं.

"बरं," ती कशीबशी म्हणाली, "परत हाक मार. पहिल्यापासनं."

मग आतून आलं, "रत्ना." तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

"रत्ना."

जीभ आपोआप हलली, ती तिनं दातांखाली धरली. दाराच्या फटीतून आईचा श्वास ऐकू येत होता. रत्ना तिसरीची वाट बघत उभी राहिली. तिसरी आलीच नाही.