मुशीच्या पाठीवरचं लाल बटण

आमच्या फणसवाडीतल्या घरात मासळी दोन्ही वेळा शिजायची. त्यामुळे मी कॉलेज संपवून माशांच्याच अभ्यासाला लागले याचं कुणाला नवल वाटलं नाही. पण हाती आलेला जिवंत मासा मी पुन्हा समुद्रात सोडून देते, हे कळल्यावर वडिलांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं.

"सोडतेस? कुठली मासळी?"

"मुशी."

"मग ठीक आहे," म्हणून ते वर्तमानपत्राकडे वळले. मी पापलेट म्हटलं असतं, तर त्यांनी मला नोकरी सोडायला लावली असती.

मुशी म्हणजे शार्क. ज्या सरकारी केंद्रात मी नोकरीला लागले, तिथे मुशीवर काम करणारी मी एकटीच होते. हिवाळ्यात मुंबईच्या किनाऱ्याला मुशी भरपूर मिळायची आणि उन्हाळा सरताना कमी होत जायची. ती जाते कुठे? आमच्या साहेबांचं मत होतं की ती इथेच, खोल पाण्यात उतरते. मला वाटायचं, ती किनाऱ्याकिनाऱ्यानं दूर जात असावी. हा वाद मिटवायचा एकच मार्ग होता. जिवंत मुशीच्या पाठीवरच्या परात, म्हणजे उभ्या पंखात, खुणेची पट्टी अडकवायची, तिला सोडायचं आणि पुढे ती कुणाच्या जाळ्यात सापडते याची वाट बघायची.

पहिल्या पट्ट्या पितळेच्या होत्या. त्यांवर केंद्राचं नाव आणि पत्ता इंग्रजीत ठोकलेला. वर्ष गेलं, एकही पट्टी परत आली नाही. साहेब म्हणाले, जनावरं मेली असणार, प्रयोग बंद करू. मी म्हटलं, आधी मला वरळी कोळीवाड्यात जाऊन विचारू द्या.

तिथे माझी गाठ एका कोळणीशी पडली. पन्नाशीची असेल. मुशीचे तुकडे मीठ लावून वाळत घालत होती. तिच्या कमरेला पेटीची किल्ली होती आणि किल्लीला आमची पितळी पट्टी बांधलेली होती.

"मावशी, हे कुठं मिळालं?"

"मुशीच्या पाठीवर व्हतं."

"मग आणून का नाही दिलं?"

"कुनाला देऊ? साहेबाची निशानी दिसली. म्हटलं, सरकारी वस्तू, उगा कटकट नको. ठेवली गुमान." मग माझ्याकडे नीट बघत ती म्हणाली, "तुमीच लावता व्हय? पितल सडतंय बाय. हिरवं व्हतं. मुशीला केवढी जखम झाली व्हती."

एका दमात तिनं मला दोन चुका दाखवल्या होत्या. मी कचेरीत परतले ते ठरवूनच. पट्टी पितळेची नको आणि मजकूर इंग्रजीत नको.

पितळेचं साहेबांना लगेच पटलं. मजकुराचं पटेना. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे ते दिवस होते. गिरगावात रोज कुठे ना कुठे सभा असायची, माझे वडील ऑफिसातून परस्पर तिकडेच जायचे. साहेबांनी खुर्ची मागे सरकवली आणि म्हणाले, "बाई, तुमच्या गल्लीतल्या सभा प्रयोगशाळेत आणू नका. शास्त्राची भाषा इंग्रजी आहे."

"शास्त्राची असेल, सर. पण मुशी पकडणाऱ्यांची नाही. आणि पट्टी त्यांनी परत करायची आहे."

त्यांनी नव्या पट्ट्यांच्या मागणीचा कागद पुढे ओढला. मग त्यावर सही केली.

आमच्या वाडीतल्या शिंप्याकडून मी सेल्युलॉइडची मोठी कोटाची बटणं आणली. टोकदार सुईनं त्यांवर आकडा आणि मुंबईचा पत्ता देवनागरीत कोरला. पहिलं बटण मोठ्या रुबाबात मी मावशीला दाखवायला नेलं. तिनं ते उलटंसुलटं केलं आणि परत माझ्या हातावर ठेवलं.

"झ्याक हाय. पन वाचनार कोन?"

इंग्रजी काढून मराठी आणलं, म्हणजे काम झालं असं मी धरून चालले होते.

"लाल कर," ती म्हणाली. "जाल्यात असला लाल रंग कवा दिसत नाय. आनि मी बाजारात सांगते, लाल बटनाची मुशी गावली तर कापायच्या आदी मला सांगा. लिवलेलं ऱ्हाऊ दे. लांबचा कोन शिकलेला असला तर वाचंल."

तिनं नुसतं सांगितलं नाही, करूनही दाखवलं. महिनाभरात दादरच्या मासळीबाजारातल्या बायका मला ओळख नसताना हाक मारून विचारायला लागल्या, "लाल बटनवाली बाय तूच का गो?"

बटण बांधायचं काम मला स्वतःच्या हातानं करायचं होतं. पण बायकांनी होडीत पाऊल टाकायची तिथे रीत नव्हती. मावशीचा दीर गळांची लांब दोरी टाकून मुशी धरायचा. त्यानं सरळ नाही म्हणून सांगितलं. मावशीनं त्याला हाताला धरून बाजूला नेलं. परत आल्यावर तो मान खाली घालून म्हणाला, "चला." नंतर मला कळलं, तिनं त्याला समजावलं होतं, "ती बाई नाय रे, ती सरकार हाय."

होडीत मला ओकारी झाली, कपडे रक्तानं आणि खाऱ्या पाण्यानं भिजले, पण हात थांबले नाहीत. मावशीचा दीर गळ सोडवून मुशीची शेपटी दाबून धरायचा. मी परात भोक पाडायचे, दोन्ही बाजूंना एकेक बटण ठेवून चांदीची तार पिळायचे आणि लांबी मोजून तिला सोडायचे. संध्याकाळी घरी पोचले की आई मला दारातच थांबवून आंघोळीचं पाणी काढायची.

तोवर शहरातलं वातावरण तापलं होतं. गोळीबार झाला, हरताळ झाले, मग द्वैभाषिक राज्य आलं आणि मनं आणखीच कडवट झाली. आमच्या शेजारच्या बिऱ्हाडात एक गुजराती कुटुंब राहायचं. काका काळबादेवीला कापडाच्या दुकानात होते. त्यांच्याकडून आमच्याकडे ढोकळा आणि आमच्याकडून त्यांच्याकडे गुळपोळी, हे माझ्या जन्माआधीपासून चाललेलं. काकांच्या दुकानावर दगड पडले, आणि वडील एका मोर्चात लाठी खाऊन आले. दोन्ही घरांत भांडण झालं नाही. ताटल्या मात्र जायच्या-यायच्या थांबल्या. जिन्यात भेट झाली की दोन्ही बाजू भिंतीकडे सरकायच्या.

मधल्या काळात काही बटणं मावशीमार्फत परत आली होती, पण सगळी जवळपासचीच. साहेबांचं म्हणणं खरं ठरतंय असं दिसायला लागलं होतं. आणि मग पावसाळा संपल्यावर कचेरीत एक पाकीट आलं. आत लाल बटण आणि गुजरातीत लिहिलेलं पत्र. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरच्या एका शाळामास्तरांनी पाठवलेलं. पत्ता देवनागरीत होता म्हणून त्यांना वाचता आला होता.

मी अक्षरं लावत बसले. अक्षर घाईचं होतं. एक शब्द पुन्हा पुन्हा येत होता, 'मगरो'. मला वाटलं, मास्तर मगरीबद्दल लिहितायत. बटण मगरीच्या पोटात मिळालं की काय? मग साहेबांना काय सांगणार?

घरी येऊन मी सरळ शेजारचं दार वाजवलं. आईनं "अगं" एवढंच म्हटलं. दार काकांनीच उघडलं.

"काका, एक पत्र वाचून द्याल?"

ते क्षणभर माझ्याकडे, मग माझ्या मागे आमच्या उघड्या दाराकडे बघत राहिले. "ये बेटा, बस," ते म्हणाले आणि चष्मा शोधायला गेले.

वाचता वाचता ते हसले. वर्ष-दीड वर्षात मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं.

"मगर नाय, मगरो. आमच्या वेरावळला तुमच्या मुशीला मगरो बोलतात. मी लहान होतो तवा बंदरावर बघायला जायचो. आमी खात नाय, पण बघायला काय?" मग ते एकेक ओळ मराठीत सांगत गेले. मुशी किनाऱ्याजवळच्या जाळ्यात सापडली होती. मादी होती, पोटात पिल्लं होती. मास्तरांनी दोरीनं तिची लांबी मोजून, हाता-हातावर गाठ मारून तेवढाच दोरीचा तुकडा पाकिटात घातला होता. तो पत्र बांधायला वापरलाय समजून मी पिशवीत तसाच टाकला होता.

तेवढ्यात दारात वडील येऊन उभे राहिले. हातात काही नव्हतं, चेहराही अवघडलेला. काकांनी खुर्ची पुढे केली. "बसा. तुमच्या मुलीची मुशी आमच्या मुलखात जाऊन पोचली," ते म्हणाले. वडील बसले. राजकारणाचा विषय त्या संध्याकाळी कुणी काढला नाही. काकींनी चहा टाकला आणि वडिलांनी मास्तरांच्या दोरीचा तुकडा हातात घेऊन गाठी मोजायला सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या टेबलावर मी नकाशा पसरला. एका बटणावर सिद्धांत उभा राहत नाही, असं ते म्हणाले, आणि ते बरोबरच होतं. पण पुढच्या बटणांवर देवनागरीबरोबर गुजरातीही कोरावी, हे त्यांनी स्वतःहून सुचवलं. पुढच्या दोन हंगामांत त्या किनाऱ्यावरून आणखी बटणं आली आणि मुशी वर, उत्तरेला जाते हे पक्कं झालं. मावशीला सांगायला गेले तर ती म्हणाली, "मंग? ती पावनीच हाय. पावनी कुटं ऱ्हाते?" माझ्या पहिल्या शोधनिबंधात मी तिचं म्हणणं घातलं. साहेबांनी त्यावर काट मारली, मी पुन्हा घातलं, तसंच छापून आलं.

मुंबई महाराष्ट्राला मिळाली त्यानंतर लवकरच माझी नेमणूक अरबी समुद्रातल्या बेटांवर झाली. तिथले लोक गळानं कुप्पा, म्हणजे ट्यूना मासे धरायचे आणि मुशी त्यांच्या गळाला लागलेली शिकार अर्धी खाऊन जायची, म्हणून ते तिचा मनापासून राग करायचे. पेटीतली बटणं मी चार दिवस बाहेर काढली नाहीत. नुसती धक्क्यापाशी वाळूत बसून राहिले. पाचव्या दिवशी एका म्हाताऱ्या नावाड्यानं दुभाष्याला विचारलं, ही बाई आलीय कशाला? मी म्हटलं, त्यांना सांग, मुशी इथे कुठून येते ते मला माहीत नाही, त्यांना माहीत असेल तर ऐकायला आलेय. म्हातारा माझ्या शेजारी बसला आणि त्यानं बोटानं वाळूत बेटं काढायला सुरुवात केली.