चित्र काढणारी चिप गेली

माझी बायको गेली तेव्हा घरात टीव्हीवर खेळ चालू होता. हे लिहायची मला लाज वाटत नाही, राग येतो.

शेवटचे काही महिने तिला खाटेवरून उठता येत नव्हतं. पोरगं पुण्याहून आलं ते आपला व्हिडिओ गेम खेळायचा काळा डबा घेऊनच. टीव्हीला जोडला आणि आईच्या हातात बटणं दिली. तिनं त्या डब्यात शेत केलं. खरं हळदीचं शेत दाराबाहेर, आणि ही बाई आत खोटी नांगरट करून राहिली. मी जेवलो का, हे विचारायचं भान राहिलं नाही तिला. डबा उकिरड्यावर टाकतो म्हणालो की ती आवाज वाढवायची. बैलांच्या घंटा, कोंबड्याचं आरवणं. मी ओट्यावर जाऊन बसायचो.

ती गेली आणि घर माणसांनी भरलं. सुतकात करमणूक नको म्हणून माझ्या थोरल्या बहिणीनं टीव्ही बंद केला आणि टीव्ही, डबा दोन्हींवर जाड गोधडी टाकली. आत डबा चालूच आहे, हे तिला काय कळणार. आईला डुलकी लागली तरी जाग आल्यावर शेत समोर दिसावं म्हणून पोरानं डब्याचं आपोआप बंद होणं काढून ठेवलं होतं. आणि तेव्हा पोरगं तरी कुठं शुद्धीत होतं. गोधडीखाली डबा उकडत राहिला. दहावा झाल्यावर टीव्ही लावला तर पडदा काळा. आवाज मात्र येत होता. तिच्या बैलांच्या घंटा.

बहीण म्हणाली, आत काहीतरी शिरलंय, नदीत सोडा. मी म्हणालो, तुलाच सोडतो. ती त्याच दिवशी हट्ट्याला, आपल्या गावी, निघून गेली, अजून बोलत नाही. बरं झालं.

पोरगं डबा घेऊन वसमतला निघालं, मीही मागं लागलो. दुकानातल्या मिस्त्रीच्या गालात सुपारी. त्यानं डबा खोलला, जोडून पाहिला, मान हलवली. आवाज येतो तर चित्र काहून येत नाही, आडाणी बघून फसवतो का, असं मी त्याला तोंडावर विचारलं. तो चिडला नाही, त्याचाही मला राग आला.

"काका, आत दोघी असतात," तो म्हणाला. "एक हिशेब करनारी चिप, एक चित्र काढनारी. हिशेबवाली नुसतं सांगती, बैल इथं, झाड तिथं, दिवस मावळला. पुढचं सगळं चित्रवाली आपल्या आपन काढती. रंग, सावली, पान न् पान. दर वेळी विचारत बसत न्हाई. तुमची हिशेबवाली जिती हाये. चित्रवाली उकडून मेली."

म्हणजे आत शेत तसंच होतं. दिवस उगवत होता, मावळत होता, आणि दाखवणारं कोणी नव्हतं. त्याचं टेबल उलथून टाकावं असं वाटलं मला.

मग त्यानं सांगितलं, गरम हवा मारली तर चित्रवाली घडीभर जागी होईल, मग कायमची जाईल. तेवढ्यात शेत पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यायचं, म्हणजे तसल्याच दुसऱ्या डब्यात चालेल. नाही उतरलं तर गेलं. पोरगं माझ्याकडं बघायला लागलं. मार गरम हवा, मी मिस्त्रीला म्हणालो.

चित्र आलं. पोरगं लगेच बटणं दाबायला लागलं, तसा मी त्याचा हात धरला.

"थांब. मला बघू दे."

"टाइम न्हाई, बाबा."

"थांब म्हनलं ना."

सऱ्या वाकड्या. पाण्याचा उतार चुकलेला. एवढी वर्षं माझ्या बांधावर राबली आणि हे शिकली. पोरानं मोकळ्या हातानं बटणं दाबत घाईघाईत मला पडद्यावरच्या तिच्या झोपडीत नेलं. आत चूल, कंदील आणि एक खाट.

"माझी खाट कुठं हाये?"

पोरगं पडद्यावरून नजर न काढता म्हणालं, "मी टाकतो म्हनलो होतो. ती नको म्हनली. म्हनली, हितं मला कोनी वरडत न्हाई."

मिस्त्री सुपारी थुंकायला म्हणून बाहेर गेला.

जित्या माणसाला दोन शब्द सुनावता येतात. मेलेल्याला काय सुनावणार. मी पोराचा हात सोडला. घे उतरून, म्हणालो. शेत उतरलं, आणि मग पडद्यावर रंगाचे पट्टे ओढले गेले आणि सगळं विझलं.

आता पोराला तसलाच नवा डबा घ्यायचाय. परवा जेवताना म्हणालं, बाबा, आईच्या खाटेशेजारी तुमचीबी एक टाकू. मी ताट सरकवलं. डबा आनायचा तर आन, म्हणालो. पन खाट टाकलीस तर हात मोडून ठेवीन. शेत तिचं हाये. तिला विचारल्याबगर तिथं कोनी पाय ठेवायचा न्हाई, मीबी न्हाई.