तापल्यावरचा वेग

मे महिन्यात आमच्या अकोल्यात दुपारचे दोन वाजले की माझा कॉम्प्युटर रेंगाळायला लागतो. अक्षर दाबायचं आणि ते पडद्यावर उमटायची वाट बघत बसायचं. वैतागून मी दुरुस्तीवाल्या सलीमभाईंना बोलावलं. त्यांनी डबा उघडला, ब्रशने धूळ झाडली आणि हसून म्हणाले, "ताई, बिघाड काही नाही. हा प्रोसेसर सेकंदाला साडेतीनशे कोटी ठोके देतो. फार तापला की आपणहून ठोके कमी करतो, म्हणून काम हळू होतं. तसं केलं नसतं तर कधीच जळाला असता."

मी खिडकीबाहेर पाहिलं. रस्ता ओस पडला होता, समोरच्या दुकानाचं शटर अर्धं खाली होतं आणि कडुनिंबाखाली एक गाय डोळे मिटून रवंथ करत होती. गावाचं हे शहाणपण माझ्या टेबलावरही होतं, आणि मी मात्र त्याला बिघाड समजून बसले होते.

पलीकडे दिवाणावर आमचे हे गाढ झोपले होते. त्यांच्या या दुपारच्या झोपेला मी तीस वर्षं आळस म्हणत आले.

सलीमभाई गेल्यावर मी कॉम्प्युटर बंद केला आणि कूलरचं तोंड हळूच यांच्याकडे वळवलं.