दोन अधिवेशनांमधलं अंतर

भारताची राज्यघटना माझ्या आत्याइतकी मनावर घेतलेली दुसरी व्यक्ती हुमनाबादपासून आळंदपर्यंत तरी सापडली नसती. कोर्टात टायपिस्ट म्हणून उभा जन्म काढून ती निवृत्तीनंतर आळंदला एकटीच राहायची. घटनेतलं तिचं लाडकं कलम एकच: संसदेच्या दोन अधिवेशनांमध्ये सहा महिन्यांचं अंतर पडता कामा नये. अधिवेशन संपलं की ती कॅलेंडरवर मुदतीच्या दिवसाला लाल गोल करी आणि पुढचं वेळेत सुरू झालं की टीव्हीसमोर सुटकेचा निःश्वास टाकून चहा ठेवी. तिथं नुसता गोंधळ चालतो असं कुणी म्हणालंच, तर आपापल्या घरी बसून घालण्यापेक्षा एकत्र बसून घातलेला गोंधळ बरा, असं तिचं मत होतं.

आमच्या गावी, निर्ण्याला, माझे वडील आणि काका शेताच्या बांधावरून भांडले आणि एकमेकांचं तोंड बघेनासे झाले, तेव्हा तिनं हेच कलम त्यांना लावलं. पाचवा महिना सरला की दोघांना आळंदला यायचं फर्मान सुटे. थोरल्या बहिणीला नाही म्हणायची दोघांचीही छाती नव्हती. यायचे, खोलीच्या दोन टोकांना बसायचे, वरण-भाकरी खाऊन वेगवेगळ्या बसनं परतायचे. एकदा वडील वैतागले.

"अक्का, आम्ही बोलतच न्हाई, मग बोलवायलीस कामून?"

"घटनेत भेटायचं लिहिलंय," ती शांतपणे म्हणाली. "काय बोलायचं ते सभागृहानं बघावं. बस खाली."

एका खेपेला काका आजारपणाचं निमित्त काढून आलेच नाहीत. मुदतीला दोन दिवस उरले होते. ही वडलांना घेऊन जीपनं थेट काकांच्या दारात उतरली. अधिवेशनाची जागा राष्ट्रपती ठरवतात, आणि या घरात राष्ट्रपती आपणच, असं तिनं काकूला समजावून सांगितलं.

गेल्या वर्षी तिला अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. निरोप मिळताच दोघे भाऊ कलबुर्गीच्या दवाखान्यात पोचले आणि पलंगाच्या दोन बाजूंना बसून राहिले. मी पायथ्याशी होते. दुपार कलल्यावर काका म्हणाले, "अण्णा, सकाळपासून काही खाल्लं न्हाईस. खाऊन ये जा. मी हाय इथं."

वडील उठून उभे राहिले. मग म्हणाले, "तू बी चल. पोरगी बसंल अक्काजवळ."

दोघं जिना उतरताना काहीतरी बोलत होते. मला शब्द कळले नाहीत. आत्याला कळले असावेत. तिनं चालत्या हातानं माझी बोटं घट्ट धरली आणि ते वर येईपर्यंत सोडली नाहीत. त्यानंतर ती आठवडाभरच होती.