दहाच्या नोटेवरचं पांढरं मैदान

"दमलास? बस आधी," असं म्हणत ते रिकामा क्रेट पायानं उलटा करून पुढे सरकवायचे. समोर साहेब असो की हमाल. नगरजवळ नागापूरच्या आमच्या पंपांच्या कारखान्यात ते फिटर होते, मी स्टोअरमध्ये. त्यांच्या माघारी आम्ही त्यांना 'बसामामा' म्हणायचो आणि खुशाल हसायचो. आता त्या हसण्याची लाज वाटते.

त्यांच्या खिशात प्लास्टिकच्या पिशवीत एक निळी नोट असायची. बोलिव्हियाची, दहाची. कंपनीनं त्यांना आणि त्यांच्या कामातल्या जोडीदाराला तिकडच्या मिठाच्या कारखान्यात पंप बसवायला पाठवलं होतं. नोटेवर तीच जागा छापलेली, नजर जाईल तिथवर पांढरं मीठ. त्यावर नख टेकवून ते म्हणायचे, "हितं हुतो आमी."

"मामा, मूठभर मीठ तरी आणायचं की!" आम्ही चिडवायचो. ते हसायचे नाहीत. परत आले ते एकटेच, हे ठाऊक असूनही आमची जीभ काही थांबायची नाही. जोडीदार हृदयविकारानं गेला, असं कागदावर होतं.

त्याच्या वर्षश्राद्धाला पारनेरकडच्या त्याच्या गावी जाताना मामांनी मला सोबत घेतलं. जोडीदाराच्या बायकोनं नोट हातात घेऊन बराच वेळ पाहिली.

"किती सपाट हाय. आपल्या माळासारखंच."

"तिथंच फसलो, वैनी," मामा म्हणाले. "दिसतं सपाट, पन हाय बारा हजार फुटांवर. हवाच विरळ. तो म्हनत हुता, दम लागतोय, जरा बसतो. मला वाटलं, नाटकं करतोय. म्हनलं, एवढे नट आवळ, मग बस."

हे मीही पहिल्यांदाच ऐकत होतो. हातातला चहा पिववेना.

"मग बसले का ते?" वहिनींनी विचारलं.

"न्हाई. आवळता आवळताच पडला."

त्यांनी नोट मामांपुढे ठेवली. "ही तुमच्यापाशीच असू द्या, भाऊ." आवाज जराही चढला नव्हता. मामांनी मात्र नगर येईपर्यंत मान वर केली नाही.

पुढच्याच महिन्यात त्यांनी नोकरी सोडली. कुठे गेले, कुणालाच धड सांगता येत नाही. फोन बंद असतो.

परवा माल उतरवून घेताना मला धाप लागली. सवयीनं त्यांच्या जागेकडे पाहिलं. क्रेट अजून उलटाच आहे, कुणी हलवलेला नाही. जवळ गेलो, पण 'बस' म्हणणारं कुणी नव्हतं. मी उभाच राहिलो.