आठ इंचाची शेकोटी

माझ्या नातीच्या बाहुलीच्या घरात भिंतीतली शेकोटी आहे. खऱ्या विटांची, खऱ्या ओतीव लोखंडाची, आणि धुराडं थेट छपरातून बाहेर काढलेलं. कोल्हापुरात अशी शेकोटी दुसऱ्या कुणाच्या घरात असेल तर मला आणून दाखवावी. माणसांच्या घरात नाही, बाहुल्यांचं तर सोडाच. ही बढाई आहे हे मला कळतं. पण आयुष्यभर बढाई मारायला वेळच मिळाला नाही, तर आता थोडी मारून घेतो.

मी पॅटर्नमेकर. फौंड्रीत कुठलीही वस्तू ओतायची तर आधी ती हुबेहूब लाकडात करावी लागते. ते लाकूड वाळूत दाबायचं, अलगद काढून घ्यायचं आणि उरलेल्या पोकळीत लोखंडाचा रस ओतायचा. त्या लाकडाला आम्ही पॅटर्न म्हणतो. पंपाच्या बॉड्या, गुऱ्हाळाच्या चरकाची चाकं, काय काय केलं मी चाळीस वर्षांत. यातली एक गोष्ट सांगून ठेवतो, पुढं लागेल. लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न थोडा मोठा करायचा असतो. त्यासाठी आमची पट्टीच वेगळी असते. दिसायला साधी स्टीलची फूटपट्टी, पण तिच्यावरचा प्रत्येक इंच खऱ्या इंचापेक्षा केसभर मोठा. त्या पट्टीनं आठ इंचाचा पॅटर्न केला की लोखंड खरं आठ इंच उतरतं. ही पट्टी चाळीस वर्षं माझ्या शर्टाच्या खिशात आहे. बायको शर्ट धुवायला घेते तेव्हा आधी पट्टी काढून ठेवते, मग पैसे बघते.

दोन वर्षांपूर्वी माझा उजवा हात थरथरायला लागला. मी कुणाला सांगितलं नाही. मग एका पंपाच्या बॉडीचा पॅटर्न असा झाला की एका बाजूची भिंत पातळ आली आणि सगळाच्या सगळा माल भंगारात गेला. आमच्या फौंड्रीचा मोल्डर, म्हणजे वाळूत साचा करणारा माणूस, तीस वर्षं माझ्या बरोबरीनं काम करत होता. माझ्याहून चार वर्षांनी लहान. तो सगळ्या पोरांसमोर म्हणाला, "मिस्त्री, हात हालतोय तुमचा. आता बास करा." खरं होतं, म्हणूनच झोंबलं. मी हत्यारांची पेटी उचलली, घरी आलो आणि परत त्या फौंड्रीच्या दारात पाऊल टाकलं नाही. लोकांना सांगायचो, डोळ्यांचा त्रास आहे.

यंदाच्या मे महिन्यात नात घरात कंटाळली होती. ती आठ वर्षांची, मुलाची मुलगी, आमच्याजवळच असते. मी अंगणात बसून उरलेल्या सागवानाचं तिच्या बाहुलीला घर करायला घेतलं. बाहुली वीतभराहून जरा उंच, त्यामुळे घर चांगलं कमरेएवढं झालं. सोपा, सोप्यात झोपाळा, स्वयंपाकघरात ओटा, वर माळा, दारात तुळस. करवतीनं कापायला हात एवढा नडत नाही, म्हणून मी खुशीत होतो. घर झालं. नातीनं सगळीकडून डोकं घालून बघितलं आणि विचारलं, "आबा, शेकोटी कुठाय?"

"शेकोटी अंगणात असते," मी म्हणालो.

"न्हाई. भिंतीत असते. माझ्या पुस्तकात हाय." आणि तिनं पुस्तक आणून दाखवलं. बाहेर बर्फ पडतंय, आत भिंतीतल्या कोनाड्यात जाळ पेटलाय आणि चार माणसं लोकर पांघरून बसलीत.

बायको धुणं वाळत घालत होती. ती तिथूनच म्हणाली, "अगं बाई, हितं पंखा लावून घाम पुसतोय आपण, आणि तुझी बाहुली शेकत बसणार व्हय? तिला चंदगडच्या डोंगरात धाडू या पावसात, मग लागंल शेकोटी."

नात झोपाळ्यावर बसवलेली बाहुली उचलून आत घेऊन गेली. मला राग आला. नातीचा नाही, माझा. कुणीतरी काम सांगितलंय आणि मी ते कुठं असतं म्हणून वाद घालत बसलोय, असं पूर्वी कधी झालं नव्हतं. गिऱ्हाईकानं मागितलं ते करून द्यायचं, हा आमचा धर्म.

मी घराची मागची भिंत कापली. विटांसाठी घरामागच्या परड्यातलं एक फुटकं मंगळुरी कौल घेतलं आणि करवतीच्या पात्यानं त्याचे नखाएवढे तुकडे पाडले. चार दिवस तेच चाललं होतं. कौलाची लाल धूळ माझ्या भुवयांत, चहात, बायकोच्या पापडांवर. पापडांवरून जे ऐकून घ्यावं लागलं ते इथं लिहीत नाही. मग विटा एकीवर एक सांधे सोडून रचल्या, आत धुराडं काढलं, छपरातून वर नेलं. समोरचं तोंड खिशातल्या पट्टीनं मोजून बरोबर आठ इंच रुंद ठेवलं.

आता तोंडाला लोखंडी चौकट हवी होती. सून म्हणाली, पुठ्ठ्याची करून काळा रंग देऊ या, कुणाला कळणार? मी म्हणालो, मला कळणार. विषय संपला.

लोखंडाची चौकट म्हणजे आधी लाकडी पॅटर्न, आणि पॅटर्न म्हणजे कोरीव काम, आणि कोरायचं म्हणजे उजवा हात. त्या पुस्तकातल्या चौकटीवर कसली तरी परदेशी फुलं होती. ती मला ओळखीची नव्हती. मी दोन बाजूंना दोन ऊस उभे केले, पेरांसकट, आणि वर त्यांची पाती एकमेकांत गुंतवली, लक्ष्मीपूजनाला आपण बांधतो तशी. पहिल्या दिवशी कोरायची पटाशी धरली आणि हात हलला. कोरलेलं उसाचं पातं तुटलं. लाकूड फेकून दिलं. दुसरं घेतलं, तेही फेकलं. तिसऱ्या वेळी मनगट बाकावर दाबून धरलं, वरून डाव्या हाताचं ओझं दिलं आणि श्वास सोडून झाला की तेवढ्या क्षणात एकच काप घ्यायचा असं ठरवलं. एक श्वास, एक काप. नात शेजारी बसून माझे श्वास मोजायची आणि मी मध्येच खोकलो की रागवायची. अकरा दिवस लागले. पूर्वी दीड दिवसाचं काम.

लाखेचं पॉलिश देऊन पॅटर्न सुकवला आणि विटांच्या तोंडात लावून बघितला. टक् करून बसला. कागद जाईल एवढीही फट नाही. नातीनं टाळ्या वाजवल्या, बायकोनं पदराला हात पुसून बोट फिरवून बघितलं. मी तर हवेत होतो. हात थरथरतो म्हणतात काय!

त्याच हवेत मी दोन वर्षांनी फौंड्रीत गेलो. मोल्डर वाळू चाळत होता. मला बघून म्हणाला, "काय मिस्त्री, वाट चुकलासा?" मी पॅटर्न पुढं केला. त्यानं तो उलटा केला, सुलटा केला, कडेवरून अंगठा फिरवला. चांगलं म्हणाला नाही, वाईट म्हणाला नाही. "उद्या या. लॅडलमधला उरल्याला रस ह्यात ओततो," एवढंच. तीस वर्षांत त्याच्या तोंडून शाबासकी ऐकलेली नाही, तेव्हा त्याचं मला काही वाटलं नाही असं म्हणायला हवं. पण वाटलं.

दुसऱ्या दिवशी चौकट घेऊन घरी आलो. काळीभोर, जड, उसाचं पेर न् पेर उठलेलं. नातीच्या हातात दिली तेव्हा तिचा हात खाली गेला, इतकी जड. तिनंच ती विटांच्या तोंडात लावली. चौकट आत गेली आणि सैल हलायला लागली. एका बाजूला सरकवली तर दुसऱ्या बाजूला रुपयाचं नाणं उभं सरकत होतं.

"आबा, हालतंय," नात म्हणाली.

माझं डोकं फिरलं. पॅटर्न घट्ट बसला होता, ते चार जणांनी बघितलं होतं. म्हणजे घाण केली ती मोल्डरनं. वाळू नीट ठोकली नसणार, साचा खचला असणार. मी चौकट पिशवीत टाकली आणि तडक फौंड्री गाठली. दारातूनच ओरडलो, "हात माझा हालतोय म्हणालास, आता तुझं काय हालतंय ते बघ!" पोरं कामं टाकून बघायला लागली.

मोल्डर शांतपणे उठला. त्यानं चौकट घेतली, साधी पट्टी लावली, मग बारीक मापाचा व्हर्नियर लावला. परत लावला. "आठ इंच," तो म्हणाला. "पुरं आठ. उगंच वरडू नगासा."

"मग बसत का नाही?"

"घर कुठाय तुमचं? दावा चला."

तो माझ्या गाडीवर मागं बसून आला. अंगणात मांडी घातली आणि बाहुलीचं घर मोजायला लागला. शेकोटीचं तोंड मोजलं. दार मोजलं, खिडकी मोजली, माळा, ओटा, झोपाळ्याची फळीसुद्धा. प्रत्येक वेळी मला विचारायचा, "हे किती इंच ठेवलंसा?" मी सांगायचो. तो मापायचा आणि मान हलवायचा. बायकोनं चहा आणून ठेवला, तो निवला. शेवटी त्यानं माझ्या खिशातून पट्टी ओढून काढली, स्वतःच्या पट्टीला लावून उन्हात धरली आणि हसायला लागला. इतका हसला की त्याला ठसका लागला.

माझ्या तेव्हा ध्यानात आलं. सागवानाचं घर मी ओतकामाच्या वाढीव पट्टीनं बांधलं होतं! लाकूड काही थंड होऊन आकसत नाही. त्यामुळे अख्खं घरच वाढीव झालं, आणि शेकोटीचं तोंडही. पॅटर्न त्यात घट्ट बसला तेव्हाच मला कळायला हवं होतं, कारण पॅटर्न जागेत बसता कामा नये, तो मोठाच असला पाहिजे. हे मी शिकाऊ पोरांना पहिल्या दिवशी सांगायचो. आणि मी टाळ्या घेत उभा होतो.

"चूक माझी," मी म्हणालो. फौंड्रीतल्या त्या भंगार झालेल्या मालाच्या वेळी हे शब्द माझ्या तोंडातून निघाले नव्हते. "आणि पंपाच्या बॉडीच्या वेळीही माझीच होती."

तो हसायचा थांबला. "ती तुमचीच होती," तो म्हणाला. "पर ही न्हाय. सगळं घर मापलं मी, मिस्त्री. एक बी माप खालीवर न्हाय. सगळं सारखंच चुकलंय. हात हालणाऱ्याला असं चुकता येत न्हाय. हात चुकला न्हाय तुमचा, पट्टी चुकली." आणि निवलेला चहा एका दमात पिऊन तो उठला.

मी नातीवर खेकसलो, की वाटेतली पटाशी उचल, पायात जाईल.

जाताना तो म्हणाला की फटीत लांबी, म्हणजे पुट्टी, भरून काळा रंग मारा, कशाला परत खटाटोप. मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. "बरं बरं," तो म्हणाला, "दुसरा पॅटर्न आणा." जुन्या पॅटर्नला दोन्ही बाजूंनी लाकडाच्या चिपा चिकटवूनही भागलं असतं, पण मग रुंद झालेल्या चौकटीत ऊस सुकल्यासारखे बारीक दिसले असते. मी नवा, वाढीव मापाचा कोरला. एक श्वास, एक काप. या वेळी नऊ दिवस.

दुसरी चौकट आली आणि बसली. अशी बसली की काढायची म्हटली तर विटा निघतील. शेकोटीत आधी पणती ठेवून धुराडं तापवलं आणि मग उदबत्तीचा तुकडा लावला. गल्लीतल्या बायका, पोरं, शेजारचे दूधवाले काका, सगळे अंगणात. धूर जरा घुटमळला, मग वर ओढला गेला आणि छपरावरच्या धुराड्यातून सरळ बाहेर आला. "आलं, आलं!" म्हणून नात नाचायला लागली. बायको म्हणाली, "पंखा बंद करा की, बाहुलीला गार लागंल." माझी छाती कधी नव्हे ती अशी फुगली होती, आणि मी ती मुद्दाम फुगवून उभा राहिलो.

राहिली पहिली चौकट. चुकलेलं लोखंड परत भट्टीत टाकायचं, वितळवायचं, ही रीत. मी ती मोल्डरकडे देऊन आलो होतो आणि ती वितळली असंच धरून चाललो होतो. पंधरा दिवसांनी त्याचा पाय मुरगळला म्हणून मी बघायला त्याच्या घरी गेलो. त्याचं घर मी पहिल्यांदाच बघत होतो. भिंतीतल्या फडताळात देव मांडलेले, आणि देवांभोवती महिरप म्हणून माझी चौकट. दोन्ही बाजूंना ऊस, वर गुंतलेली पाती, आणि उसाच्या पेरांवर हळदीकुंकू.

"अरे लेका," मी म्हणालो, "चुकलेला माल देवाला लावतोस?"

"चुकल्याला कोण म्हंतंय?" तो खाटेवर पडल्या पडल्या माझ्यावर ओरडला. "आठ म्हंजे आठ हाय ते. मी सोता मापलंय!"

मी घरी आलो आणि बायकोला ही गोष्ट तीनदा सांगितली.